एमजीबीचा क्लच आणि मागचा ड्राइव्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या चार सिलिंडरच्या रोडस्टर (उघड्या टपाच्या) आणि जीटी (बंद टपाच्या) गाड्यांसाठी ही उत्तरं आहेत. एमजीसी आणि व्ही-८ या मोठ्या इंजिनाच्या भावंडांचा क्लच वेगळा आहे, इथली मापं त्यांना लावू नका. एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगितलेली दिसेल: या गाडीत क्लच प्लेटपर्यंत (इंजिन आणि गिअरबॉक्समधली घर्षणाची चकती) पोचायचं तर इंजिन बाहेर काढावं लागतं, म्हणून बाहेरून जे मोजता येतं ते सगळं आधी मोजा.

१. बिघाड क्लचचा, गिअरबॉक्सचा की मागच्या अ‍ॅक्सलचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तक्रार नेमकी कधी येते ते बघा. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर करकरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये (प्र. २). आरपीएम चढतात पण गाडी ओढत नाही, तर क्लच स्लिप होतोय (प्र. ६). गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना पेडल दाबल्या-सोडल्याने आवाज बदलतो, तर प्र. ७ बघा. अ‍ॅक्सिलरेटर सोडताना-दाबताना मागून ‘टक्क’ होतं, तर प्र. ११. ठरावीक वेगालाच येणारी थरथर आणि मागची घूं प्र. १२ आणि १३ मध्ये आहेत.

२. पेडल तळापर्यंत दाबलं तरी पहिला आणि रिव्हर्स करकरतात. क्लच गेला का?

बहुतेक वेळा नाही. सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आणि सर्वात जास्त इंजिनं विनाकारण उतरवली जातात तीही याच तक्रारीवर.

आधी गाडीचं साल बघा. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी यंत्रणा) नव्हता. त्या गाडीत चालता चालता पहिला टाकला तर करकरणारच, तो बिघाड नव्हे. रिव्हर्सला मात्र कुठल्याच एमजीबीत सिंक्रो नाही, म्हणून तपासणी रिव्हर्सवरच करायची.

इंजिन गरम करा, आयडल स्थिर होऊ द्या. पेडल पूर्ण दाबून पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. तेवढ्या वेळात प्लेट फिरायची थांबलेली असते. गिअर मुकाट्याने पडला, तर क्लच ठीक आहे आणि हात घाई करत होता. पाच आकड्यांनंतरही करकरला, तर प्लेट सुटत नाहीये.

आता मोजमाप. गाडीचा पुढचा भाग उचलून भक्कम स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणारं गिअरबॉक्सपुढचं घंटेसारखं आवरण) बाजूला स्लेव्ह सिलिंडर आहे, पेडलकडून फ्लुइडने आलेला दाब तो क्लचला देतो. त्याचा पुशरॉड क्लच फोर्कच्या टोकाला जोडलेला असतो. फोर्कच्या टोकाशी स्टीलची पट्टी धरा आणि दुसऱ्या माणसाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा. टोक साधारण अर्धा इंच, म्हणजे १२ ते १३ मिमी सरकलं पाहिजे.

सरक १० मिमीच्या आसपास किंवा कमी असेल, तर दोष वर आहे: पेडलची पिन (प्र. ३), सिलिंडर (प्र. ४) किंवा अडकलेली हवा (प्र. ५). पूर्ण १२-१३ मिमी मिळतेय आणि तरी करकर होते, तर दोष बेलहाउसिंगच्या आत आहे किंवा प्र. १५ मधला अपवाद आहे. या एका आकड्याने अर्धं निदान होतं.

३. क्लेव्हिस पिन म्हणजे कुठली, आणि एवढीशी पिन क्लच बिघडवते कशी?

पेडलचा वरचा भाग आणि मास्टर सिलिंडरचा (पेडलजवळचा, फ्लुइड खाली स्लेव्हकडे ढकलणारा) पुशरॉड यांना जोडणारी ५/१६ इंच जाडीची पिन. बॉनेट उघडा, चालकाच्या समोर पेडलवरचं पत्र्याचं झाकण स्क्रू सोडून काढा, की ती दिसते. स्प्लिट पिन आणि वॉशर काढून ती बाहेर घ्या आणि बोटांत फिरवा. नवी पिन टोकापासून टोकापर्यंत सारखी गोल असते. झिजलेल्या पिनची दोन्ही टोकं पूर्ण जाडीची असतात, पण मधोमध एका बाजूने कुरतडल्यासारखी खाच पडलेली असते. नखाला कड लागते. मग पेडलचं भोक बघा, ते गोल राहिलेलं नसतं, अंडाकृती झालेलं असतं.

आता हिशेब. मास्टरचा बोअर (आतला व्यास) ३/४ इंच, स्लेव्हचा १ १/४ इंच. क्षेत्रफळांचं प्रमाण पावणेतीनच्या जरा वर येतं, म्हणजे वर पुशरॉड जेवढा सरकतो त्याच्या एक तृतीयांशाहून थोडंच जास्त अंतर खाली मिळतं. पिन, पेडलचं भोक आणि पुशरॉडचं भोक मिळून ३ मिमी ढिलाई झाली, की खाली एक मिमीपेक्षा थोडं जास्त गेलं. साडेबारातला एक मिमी जाणं क्लचला पुरेसं जाणवतं.

नुसती नवी पिन घालून काम निम्मंच होतं. अंडाकृती भोक वेल्डिंगने भरून ५/१६ इंचाला पुन्हा पाडा, किंवा भोक मोठं करून बुश बसवा. पुशरॉडचा फोर्क झिजला असेल तर तोही बदला.

स्लेव्हकडेही अशीच एक पिन आहे. तिची झीज इतकी महत्त्वाची नाही: स्लेव्हमधली हलकी स्प्रिंग पुशरॉडला कायम फोर्कवर टेकवून ठेवते, त्यामुळे तिथली ढिलाई आपोआप भरून निघते. या क्लचला बाहेरून अ‍ॅडजस्टमेंट नाही तीही याचमुळे. अ‍ॅडजस्टमेंटच्या नावाखाली लांब पुशरॉड बनवून बसवणं चूक आहे. त्याने रिलीज बेअरिंग (फोर्क ज्याने क्लच उघडतो ते) कायम दाबलेलं राहतं आणि लवकर संपतं.

४. दोन-तीनदा पंप केल्यावरच गिअर पडतो, किंवा सिग्नलला पेडल धरून ठेवलं की गाडी पुढे सरकते. काय बघू?

पंप केल्याने सुधारत असेल तर आत हवा आहे किंवा फ्लुइड गळतंय. धरलेलं पेडल हळूहळू निष्प्रभ होत असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टरचं सील आतल्या आत फ्लुइड मागे सोडतंय.

गळती शोधायला दोन जागा. स्लेव्हच्या टोकावरचं रबरी बूट मागे सरकवा, आत ओल असेल तर सील गेलं. चालकाच्या पायाशी पेडलवरून चटईवर ओघळ आला असेल तर मास्टर. एकाचं सील गेलं की दुसऱ्याचंही फार दिवस टिकत नाही, म्हणून दोन्हींना एकदमच नव्या सीलचं किट टाका. बोअरमध्ये गंजाचे खड्डे असतील तर किटने भागणार नाही, सिलिंडरच बदला.

रबरी होज विसरली जाते. जुनी होज आतून फुगून नळी अरुंद करते. अशा वेळी फ्लुइड दाबाने पुढे जातं पण परत सावकाश येतं, आणि पेडल सोडल्यावरही क्लच क्षणभर अर्धवट दाबलेला राहतो. मग तक्रार स्लिपची वाटते.

फ्लुइड डॉट ४ वापरा. खनिज तेलाचा एक थेंबही नको, त्याने सगळी रबरं फुगतात. डॉट ४ हवेतली ओल शोषतं, आणि मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत ते लवकर होतं. तिथे दर पावसाळ्यानंतर फ्लुइड बदलणं परवडतं. गंजलेला बोअर त्याहून महाग पडतो.

५. चार वेळा ब्लीडिंग केलं (फ्लुइडमधली हवा काढली), तरी पेडल मऊच. हवा जात का नाही?

कारण पाइप मास्टरपासून निघताना काही ठिकाणी आधी वर चढतो, मग खाली उतरतो. वरच्या वळणात बुडबुडा बसतो. क्लचच्या एका दाबात सरकणारं फ्लुइड थोडं असल्यामुळे बुडबुडा खाली येतो आणि पेडल सोडताच परत वर जातो.

उपाय म्हणजे खालून वर भरणं. स्लेव्हचा पिस्टन पूर्ण आत ढकलून ठेवा. तेल सोडायची दाबाची कुपी स्वच्छ करून तिच्यात नवं डॉट ४ घ्या, रबरी नळीने स्लेव्हच्या निपलला (हवा सोडायचं तोंड) जोडा, निपल अर्धा फेरा सोडा आणि सावकाश दाबत राहा. मास्टरच्या डब्यात बुडबुडे येऊन थांबले की निपल बंद. डबा आधी अर्धा रिकामा करा आणि खाली फडकी पसरा, कारण सांडलेलं फ्लुइड रंग खातं.

कुपी नसेल तर पुढच्या ब्रेक कॅलिपरची निपल आणि स्लेव्हची निपल एका नळीने जोडा, नळी आधी फ्लुइडने भरून घ्या. दोन्ही निपल उघडून ब्रेकचं पेडल सावकाश दाबा, आणि पाय उचलण्याआधी प्रत्येक वेळी कॅलिपरची निपल बंद करा. ब्रेकच्या डब्याची पातळी खाली जाऊ देऊ नका. हे करायचं तर ब्रेकमधलं फ्लुइड स्वच्छ असलं पाहिजे. काळं झालं असेल तर ते क्लचमध्ये ढकलू नका.

६. क्लच स्लिप होतोय हे नक्की कसं कळेल? आणि प्लेट घासली की तेल लागलंय?

मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० किमीवर या आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा गाडीच्या वेगाला सोडून एकटाच चढला तर स्लिप आहे. हँडब्रेक ओढून क्लच सोडायची जुनी परीक्षा करू नका, ती चांगली प्लेटही जाळते.

प्लेट घासली की तेल, हे बेलहाउसिंगच्या तळाचं भोक सांगतं. त्या भोकात एक सैल स्प्लिट पिन लोंबत असते, ती हलत राहून भोक बुजू देत नाही. तिच्या टोकाला तेलाचा थेंब लटकलेला असेल तर आत तेल येतंय. कुठून, हे वासावरून कळणार नाही, कारण या गाडीच्या इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये एकच २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल असतं (प्र. १४). रंग बघा: काळपट असेल तर इंजिनाच्या मागच्या टोकाचं, पिवळसर स्वच्छ असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या कव्हरचं. सुरुवातीच्या तीन-बेअरिंगच्या (क्रँकला तीन मेन बेअरिंग असलेल्या) इंजिनांना मागे लिप सील नसून तेल परत फेकणारी सर्पिल खाच आहे. तिथे थोडा ओलावा नेहमीचाच. थेंब रोज जमिनीवर पडू लागला, की मग काळजी करा.

तेल लागलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. अस्तरात मुरलेलं तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येतं.

होजमुळे होणाऱ्या खोट्या स्लिपसाठी प्र. ४ बघा. इंजिन उतरवण्याआधी ती शक्यता मिटवा.

७. पेडल दाबलं की आवाज येतो, किंवा उलट, सोडलं की येतो. फरक काय?

दाबल्यावर येणारी किरकिर रिलीज बेअरिंगची. एमजीबीचं मूळ रिलीज बेअरिंग बॉलचं नाही, धातूच्या कड्यात बसवलेली कार्बनची चकती आहे. कार्बन संपून धातू घासू लागला की कर्कश आवाज येतो. मग थांबू नका, पुढचं नुकसान प्रेशर प्लेटचं होतं. सिग्नलला पेडल दाबून न बसता न्यूट्रल टाकला, तर ही चकती नवी प्लेट घालेपर्यंत टिकते. कार्बनऐवजी रोलर बेअरिंग मिळतं, पण चांगल्या बनावटीचं कार्बन आणि नीट सवय असेल तर बदलायची गरज नाही.

न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना घरघर येते आणि दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं किंवा ले-शाफ्टचं (आतला जोड-शाफ्ट) बेअरिंग. ही घरघर क्लच बदलून जाणार नाही.

८. गाडी सुटताना पूर्ण गाडी थरथरते. प्लेट बदलू का?

आधी इंजिनाची दोन्ही रबर माउंटिंग आणि गिअरबॉक्सखालची माउंटिंग बघा. तेलाने फुगलेली, फाटलेली असतील तर आधी ती बदला. ती चांगली असतील तर प्लेटला तेल लागल्याची शक्यता सर्वाधिक (प्र. ६).

९. पावसाळाभर गाडी झाकून ठेवली, आता पेडल दबतं पण क्लच सुटतच नाही. काय करू?

ओल्या हवेत फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या मागचं जड चाक, प्लेट त्यावर टेकते) गंज येऊन प्लेट चिकटते. फोर्क १२-१३ मिमी सरकतोय याची खात्री करा. मग इंजिन न्यूट्रलमध्ये पूर्ण गरम करून बंद करा. समोर मोकळी जागा, सीटबेल्ट लावलेला, चौथा गिअर टाकलेला, पेडल पूर्ण दाबलेलं. स्टार्टर मारा. गाडी लगेच पुढे निघेल, तयार राहा. पेडल तसंच धरून अ‍ॅक्सिलरेटर झटके देत दाबा-सोडा आणि मधूनच ब्रेक लावा. बहुतेक वेळा टक्कन सुटतो. दहा-बारा झटक्यांत सुटला नाही तर थांबा, ओढाताणीत प्लेटच्या मधल्या हबच्या स्प्रिंग तुटतात.

पुढच्या पावसाळ्याआधी सीटच्या पायाशी लाकडी फळी टेकवून पेडल दाबून ठेवा. सिलिंडर पाझरत नसतील तरच याचा उपयोग. फळी आठवड्यात सैल झाली, तर समजा प्र. ४ चं काम बाकी आहे.

१०. क्लच बदलायचाच आहे. काय उतरवावं लागतं, काय मागवू?

गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही. एकतर इंजिन एकटं काढा, किंवा इंजिन-गिअरबॉक्स एकत्र. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी एकत्र काढणं सोपं, कारण परत जोडताना दोघं जमिनीवर सरळ रेषेत आणता येतात. एकत्र काढताना गिअरबॉक्सचं तेल आधी सोडा, नाहीतर तिरपं झाल्यावर मागून वाहून जातं.

मागवायचं: ८ इंची प्लेट, डायफ्रॅम प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि त्याच्या क्लिप, क्रँकच्या टोकातला स्पिगॉट बुश, फोर्कच्या पिव्हटचा बुश आणि बोल्ट, मागचं सील. बुश आणि सील इंजिन नंबरवरून मागवा. १८जी, १८जीए ही तीन-बेअरिंगची इंजिनं, १८जीबीपासून पुढची पाच-बेअरिंगची, भाग वेगळे आहेत. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे घट्ट करत २५ ते ३० फूट-पाउंडवर (३४ ते ४१ न्यूटन-मीटर) आणा.

नवा क्लच बसवल्यावर लगेच सुटत नाही, अशा तक्रारींमागे तीन कारणं पुन्हापुन्हा दिसतात. प्लेट उलटी बसली, हबचा लांब भाग गिअरबॉक्सकडे हवा होता. सेंटरिंग टूल वापरलं नाही. किंवा जोडताना गिअरबॉक्सचं सगळं वजन शाफ्टवरून प्लेटच्या हबवर लटकलं आणि प्लेट वाकली. तिसरी चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गिअरबॉक्स आत सरकेपर्यंत त्याखालून जॅक हलवू नका.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो: अँबॅसेडरचं सामान चालेल का? अँबॅसेडरचं १४८९ सीसी आणि एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन एकाच बीएमसी बी-सीरीजमधलं आहे, आणि अँबॅसेडरवर हात बसलेला मेकॅनिक एमजीबीच्या इंजिनाला बिचकत नाही. पण दिसायला सारखा म्हणून क्लचचा एकही भाग मोजल्याशिवाय बसवू नका.

११. अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दाबला की मागून ‘टक्क’ होतं. डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) उघडू का?

शेवटी. आधी स्वस्त जागा तपासा.

तारांची चाकं असतील तर पहिला संशय स्प्लाइनवर (चाक हबवर धरणारे दात). मागचा भाग स्टँडवर घ्या, एकाला ब्रेकचं पेडल दाबून धरायला सांगा आणि चाक मागे-पुढे फिरवा. ड्रम जागचा हलत नाही पण चाक हलतं, तर स्प्लाइन झिजल्या. दात टोकदार झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही बदला, एकावर दुसरं नवं लवकर झिजतं.

नंतर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणारा दांडा) युनिव्हर्सल जॉइंट. जॉइंटचा एक योक हाताने धरून दुसरा पिळा, जरासाही खेळ दिसला तर जॉइंट बदला. कपाच्या कडेला लालसर गंजाची भुकटी असेल, तर आतलं ग्रीस केव्हाच संपलंय. फ्लँजचे बोल्ट आणि मागच्या स्प्रिंगचे यू-बोल्ट आवळून पाहा.

हे सगळं ठीक निघालं तर मग डिफरन्शियलच्या आतल्या छोट्या गिअरमागचे थ्रस्ट वॉशर. एमजीबीच्या ‘टक्क’चं हे खरोखर नेहमीचं कारण आहे. ट्यूब अ‍ॅक्सलमध्ये मागचं कव्हर काढून आणि हाफ-शाफ्ट बाहेर घेऊन हे वॉशर बदलता येतात, क्राउन आणि पिनियन या मुख्य गिअरच्या सेटिंगला हात लागत नाही. जुन्या बँजो अ‍ॅक्सलमध्ये सगळं डिफरन्शियल पुढून निघतं.

१२. ताशी ९०-१०० किमीला गाडी थरथरते. चाकं बॅलन्स केली, तरी तेच. आता?

थरथरीचा वेग ओळखा. मागच्या अ‍ॅक्सलचं प्रमाण ३.९०९ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्टचे जवळजवळ चार फेरे होतात. चाकाची थरथर सीटवर मोजता येईल अशी हलते, शाफ्टची बारीक, झिणझिण्यांसारखी येते. त्याच वेगाला न्यूट्रल टाका: तरी राहिली तर इंजिन आणि क्लच निर्दोष.

शाफ्टचा सरकता भाग कुणी उघडला असेल तर दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत आहेत का बघा. एक दात इकडे-तिकडे बसला तरी हा त्रास होतो, आणि बॅलन्सिंगने तो जात नाही.

१३. मागून घूं आवाज येतो.

ओढताना येतो आणि सोडल्यावर थांबतो किंवा सूर बदलतो, तर क्राउन-पिनियन. वळणावर बदलतो, तर चाकाचं बेअरिंग. आधी अ‍ॅक्सलचं तेल बघा, कमी असणं हेच कारण अनेकदा निघतं.

१४. गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइल? दुकानदार ९० नंबर द्या म्हणतो.

गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हमध्ये (गिअरबॉक्समागचा जादा गिअर) २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल, मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ईपी ९० हायपॉइड. दुकानदार दुसऱ्या गाड्यांच्या अनुभवावरून सांगतो, इथे ते लागू नाही. जाड ९० ने थंडीत सिंक्रो नीट काम करत नाही, आणि ओव्हरड्राइव्ह तर गिअरबॉक्समधल्याच तेलाच्या दाबावर चालतो. दोघांचं तेल एकच, डबा एकच.

१५. पुशरॉड १३ मिमी सरकतो, पिन नवी, हवा नाही, तरी क्लच सुटत नाही. विशेषतः गरम झाल्यावर. आता काय?

अपवादांची ही जागा. इंजिन काढण्याआधी एक परीक्षा करा: क्रँक पुलीजवळ डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावा आणि पेडल दाबायला सांगा. पुली पुढे सरकताना दिसली, तर मधल्या मेन बेअरिंगचे थ्रस्ट वॉशर झिजले किंवा निसटले. पेडलचा दाब क्लच उघडण्याऐवजी क्रँकला पुढे ढकलतोय. एंड-फ्लोट, म्हणजे क्रँकची पुढे-मागे सरक, इंचाच्या काही हजारांश भागांइतकीच हवी. डोळ्यांना दिसण्याइतकी हालचाल असेल तर गाडी चालवू नका, ब्लॉकच खराब होतो.

पुली हलत नसेल तर फोर्कचं रबरी बूट बाजूला करून टॉर्चने बघा: पिव्हट बुश झिजला की फोर्क तिरका ढकलतो आणि टोक १३ मिमी सरकलं तरी बेअरिंग कमीच सरकतं. तेही ठीक असेल तर स्पिगॉट बुश. तो शाफ्टला पकडून धरतो, मग क्लच उघडा असूनही शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत राहतो. गरम झाल्यावर वाढणारी करकर याची असते. इथे मात्र इंजिन उतरवावंच लागतं.

१६. ओव्हरड्राइव्ह लागत नाही. किंवा लागतो, पण सुटत नाही.

सुटत नसेल तर सर्वात आधी हे: रिव्हर्स टाकू नका. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना मागे गेलं की आतला एकदिशा क्लच फुटतो. सोलेनॉइडची (ओव्हरड्राइव्ह लावणारं विजेचं चुंबक) तार काढून बघा. तरी अडकलेला असेल तर आतला कोन चिकटला आहे, ब्रेक रिंगवर लाकडी हातोडीचे हलके ठोके देऊन तो बरेचदा सुटतो. नाही सुटला तर गाडी ढकलूनही मागे नेऊ नका, उचलून न्या.

लागत नसेल तर इंजिन बंद, इग्निशन चालू, चौथा गिअर, स्विच चालू करा आणि ऐका. गिअरबॉक्सकडून ‘टिक’ आली नाही तर विजेचा दोष: तारांचे जोड, मग गिअरबॉक्सवरचा इनहिबिटर स्विच. तिसऱ्या आणि चौथ्यातच (शेवटच्या काळातल्या गाड्यांत फक्त चौथ्यात) करंट जावा म्हणून तो असतो, त्याच्याखालच्या वॉशरची जाडी चुकली की तो लागतच नाही. टिक आली पण ओव्हरड्राइव्ह नाही, तर तेलाची पातळी, मग फिल्टर, मग व्हॉल्व्ह. तीन सिंक्रोच्या (पहिल्या गिअरला सिंक्रो नसलेल्या) गाड्यांतल्या लेकॉक डी-टाइप ओव्हरड्राइव्हला बाजूला एक लिव्हर आहे. सोलेनॉइड ओढलेला असताना त्यातल्या भोकातून ३/१६ इंची ड्रिल केसिंगच्या भोकात सरळ गेला पाहिजे. चार सिंक्रोच्या एलएच-टाइपला हा लिव्हर नाही, तिथे सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या ओ-रिंग बघा.